वाढत्या अंगाचे माप

मुलांचे कपडे शिवायला टाकताना मराठी घरांतून शिंप्याला एक सूचना हमखास दिली जाई : वाढत्या अंगाचे शिवा. त्या तीन शब्दांत एक अख्खे शास्त्र सामावलेले होते. मुंढा थोडा सैल, खालच्या दुमडीत चार बोटे कापड जास्त, कमरेखाली एक आडवी चूण. पुढच्या वर्षी ती उसवली की फ्रॉक पुन्हा गुडघ्याशी येई. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. मी वस्त्ररचना शिकवते. मापावरून कागदी आराखडा काढणे, धंद्याच्या भाषेत पॅटर्न, हा माझा विषय. त्यामुळे लहान मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, तयार कपड्यांबद्दल पालक जी तक्रार करतात तिच्याकडे मी शिवणीच्या बाजूने पाहते. तक्रार ओळखीची आहे. नवी मुंबईत वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये जा, सेक्टरमधल्या छोट्या दुकानात जा किंवा मोबाइलवर अ‍ॅप उघडा. सात वर्षांच्या मुलीसाठी म्हणून जे टांगलेले असते ते सतरा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांची छोटी आवृत्ती वाटते. ही तक्रार खरी आहे असे माझे मत आहे. पण ती बहुतेक वेळा चुकीच्या टेपने मोजली जाते. अंग किती दिसते एवढेच मोजले की भांडण संस्कारांचे होते आणि त्याचा सगळा भार मुलीवर येऊन पडतो. कपडा कोणत्या शरीरासाठी बेतला आणि तो घालून काय करता यावे म्हणून बेतला, हे मोजले की प्रश्न बेतणाऱ्याकडे आणि विकणाऱ्याकडे जातो. या लेखात मला तो तिकडेच न्यायचा आहे.

सणासुदीला हमखास दिसणारी तयार लेहंगा-चोळी घ्या, सहा वर्षांच्या मापाची, आणि चोळी उलटी करून पाहा. पुष्कळदा पुढचा भाग कटोरी कटचा असतो. कटोरी हा आकार जन्मला तो सपाट कापडाला उभार देण्यासाठी. टक्स घालून जे साधते तेच अधिक गोलाईने साधण्याची ती युक्ती. सहा वर्षांच्या मुलीच्या छातीला उभार नसतो. मग कटोरी रिकामी राहते, आत खचते, चुरगळते. यावर कारखान्याने काढलेला तोडगा म्हणजे आत शिवलेले स्पंजचे कप. चोळीला शरीर पुरत नाही, म्हणून चोळीसोबत शरीरही विकले जाते! पाठ खोल कापलेली. ती खांद्यावरून घसरू नये म्हणून मानेमागे डोरी आणि डोरीच्या टोकांना जड लटकन. हुक पाठीला, म्हणजे घालायला आणि काढायला मोठ्या माणसाची मदत हवी. खाली घेर फुगवायला कॅनकॅनची ताठ जाळी आणि तिच्या आत पॉलिएस्टरचे अस्तर, जे नवी मुंबईच्या दमट ऑक्टोबरात घाम टिपत नाही आणि जाऊही देत नाही. आता हीच चोळी पूर्ण बाह्यांची करा, गळा वर घ्या, पाठ बंद करा. संस्काराच्या टेपने ती उत्तीर्ण होईल. पण कटोरी, कप, पाठीचे हुक आणि घामट अस्तर जागच्या जागी राहील. उलट साध्या सुती कापडाची, मांडी दिसणारी चड्डी आणि बिनबाह्यांचे बनियन हा आपल्या हवेत मुलांसाठी उत्तम कपडा आहे. त्यात त्वचा कितीतरी जास्त दिसते आणि आक्षेप घेण्यासारखे काही नाही. म्हणून उघडी त्वचा हे या प्रश्नाचे माप होऊ शकत नाही.

शरीराचे गणितही हेच सांगते. जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण चौथा भाग असते. प्रौढ माणसाचे सातवा ते आठवा. मधल्या सगळ्या वर्षांत प्रमाणे सतत बदलत असतात. लहान मुलाचे पोट पुढे असते, कंबर अशी वेगळी नसते. युरोपीय माप-तक्त्यांत ११६ सेंटिमीटर उंचीच्या, म्हणजे साधारण सहा वर्षांच्या, मुलासाठी छाती ६० आणि कंबर ५५ सेंटिमीटरच्या आसपास धरतात. प्रौढ स्त्रीच्या मधल्या मापात हाच फरक पंधरा ते वीस सेंटिमीटरचा असतो. आणि वयात येण्याआधी मुलगा व मुलगी यांच्या या मापांत फारसा फरक नसतो. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मोठ्यांचा पॅटर्न आखूड-अरुंद करून मुलाचा पॅटर्न होत नाही. तो मुळापासून वेगळा काढावा लागतो. दोन, एकाच वयाच्या मुलाची चड्डी गुडघ्यापर्यंत सैल आणि मुलीची जांघेशी घट्ट असेल, तर तो फरक शरीराने मागितलेला नाही, विक्रीने घातलेला आहे. गंमत अशी की भारतीय मुलांच्या शरीराचे प्रमाण ठरवण्याचे काम अजून मोठ्या मोहिमेच्या बाहेरच आहे. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशनचे शिक्षण देणारी संस्था, जिची मुंबई शाखा आपल्या खारघरला आहे, यांनी ‘इंडिया साइझ’ हा प्रकल्प हाती घेतला तो मुंबईसह सहा शहरांतल्या पंचवीस हजार लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्यासाठी. काम मोलाचे आहे. पण त्यातला वयोगट १५ ते ६५ असा आहे. शाळकरी मूल त्यात नाही. म्हणून मुलांच्या टॅगवर वय छापायचे आणि माप परदेशी तक्त्यावरून किंवा अंदाजाने बेतायचे, असा कारभार चालतो. त्याचा फटका उंच किंवा अंगाने भरलेल्या मुलीला बसतो. सहा वर्षांची मुलगी नऊ-दहाच्या मापात गेली की ती दुकानाच्या दुसऱ्या विभागात ढकलली जाते आणि तिथे मांडलेली रचना आणखी मोठ्या मुलींची नक्कल करणारी असते. माप वाढले एवढ्याने वय वाढत नाही, हे दुकानाच्या मांडणीला कळत नाही.

ही विभागांची मांडणी निसर्गाने केलेली नाही. बालपणाच्या बाजारीकरणाचा इतिहास लिहिणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅनियल थॉमस कुक यांनी २००४ सालच्या आपल्या ग्रंथात मुलांच्या कपड्यांच्या व्यापारी मासिकांची बारकाईने तपासणी केली आहे. तिथल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये बाळांच्या कपड्यांचा स्वतंत्र विभाग असावा, हा प्रचार करणारे व्यापारी मासिक १९१७ मध्ये निघाले. आज डॉक्टरांपासून आयांपर्यंत सगळे सहज वापरतात तो ‘टॉडलर’ हा शब्द वयाची पायरी म्हणून रुजला तो १९३०च्या दशकात, आणि त्यात कपड्यांच्या विक्रीचा मोठा वाटा होता. ‘ट्वीन’, म्हणजे धड मूल नाही आणि धड किशोरी नाही असा गट, हाही त्याच वंशातला. प्रत्येक नवी पायरी म्हणजे नव्या खरेदीचे कारण. यात गुन्हा काही नाही. धंदा असाच चालतो. पण एक ओघ लक्षात घ्यायला हवा. मूल स्वतःहून धाकट्यांसारखे दिसू इच्छित नाही, थोरांसारखे दिसू इच्छिते. म्हणून प्रत्येक पायरीवरचा माल वरच्या पायरीकडे पाहून बेतला जातो : आठ वर्षांचीचा बारा वर्षांचीकडे, बारा वर्षांचीचा अठरा वर्षांचीकडे. कोणीही वाईट हेतू न धरता, केवळ गेल्या हंगामात काय खपले एवढे पाहत गेले तरी तो हळूहळू वर सरकत राहतो. शेवटी पाळी न आलेल्या मुलीच्या कपड्यावर प्रौढ स्त्रीच्या कपड्याचा अर्थ येऊन बसतो, आणि तो कोणी बसवला असे विचारले तर उत्तर द्यायला कोणीच नसते.

हे किती प्रमाणात घडते याचा एक चांगला मोजमाप-अभ्यास अमेरिकेत झाला. केनियन कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये १५ लोकप्रिय दुकानांच्या संकेतस्थळांवरचे साधारण सहा ते चौदा वयाच्या मुलींचे ५,६६६ कपडे एकेक करून तपासले. त्यांपैकी ६९ टक्के निव्वळ बालसुलभ होते. निव्वळ प्रौढ, लैंगिक आकर्षण सुचवणारे म्हणावेत असे ४ टक्केच. म्हणजे चिंता फुकाची? तसे नाही, कारण २५ टक्के कपड्यांत दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. कापडावर सशाचे किंवा फुलपाखराचे चित्र, आणि कट मात्र शरीराचा ठरावीक भाग उठून दिसेल असा. पालकाला दुकानात जी अस्वस्थता वाटते आणि नेमकी बोलून दाखवता येत नाही, ती या पंचवीस टक्क्यांतली आहे. उघड उघड अयोग्य कपडा आई परत टांगते. गोड छाप असलेला कपडा तिची नजर चुकवतो, कारण छाप डोळ्यांना दिसते आणि कट घातल्यावरच कळतो. २०१२ मध्ये अमेरिकेतच सहा ते नऊ वर्षांच्या ६० मुलींना दोन कागदी बाहुल्या दाखवण्यात आल्या, एक साध्या कपड्यांतली, दुसरी तंग आणि तोकड्या. ‘मला कोणासारखे दिसायला आवडेल’ आणि ‘यातली शाळेत लोकप्रिय कोण’ या दोन्ही प्रश्नांना बहुसंख्य मुलींनी दुसरीकडे बोट दाखवले. ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ३०० मुलींच्या, याच वयोगटातल्या, अभ्यासात अशा कपड्यांची ओढ आणि स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी एकत्र आढळली. एकत्र आढळणे म्हणजे एकामुळे दुसरे होणे नव्हे, हे संशोधनाची ओळख असलेला कोणीही सांगेल. आधीच नाराज असलेली मुलगी तसे कपडे निवडत असेल, किंवा दोन्हींमागे घरात सतत चालू असलेला टीव्ही-मोबाइलचा पडदा असेल. पण माझ्या युक्तिवादाला कार्यकारणाची एवढी पक्की गाठ लागतही नाही. सहा वर्षांची मुलगी लोकप्रियतेचा हिशेब कपड्याच्या कटावरून मांडते, एवढे कळले तरी कट काढणाऱ्याने दोनदा विचार करायला पुरेसे आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे : घाण कपड्यात नसते, पाहणाऱ्याच्या नजरेत असते, मग कपड्याला बोल का? याचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे आणि तो ठणकावून सांगायला हवा. कपड्यांमुळे मुलांवर अत्याचार होतात, हे खोटे आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्या सोसणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. छळणाऱ्यांत ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांचा वाटा मोठा होता. मुलग्यांच्या अंगावर कटोरीची चोळी नव्हती. ज्याला हा आकडा ठाऊक आहे तो पुन्हा कधी लेकीच्या फ्रॉकच्या उंचीत तिची सुरक्षितता शोधणार नाही. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग टिकत नाही. नजर पाहणाऱ्याची असली तरी ती वापरून माल विकणारा वेगळा असतो. केनियनच्याच संशोधकांनी नंतर एका प्रयोगात पाचवीतल्या मुलीची छायाचित्रे वेगवेगळ्या पोशाखांत महाविद्यालयीन तरुणांना दाखवली. प्रौढ ढंगाच्या कपड्यांत तीच मुलगी त्यांना कमी हुशार आणि कमी कर्तबगार वाटली. दोष पाहणाऱ्यांचा, यात शंका नाही. पण ज्या अर्थाची किंमत मुलीला मोजावी लागते तो अर्थ तिच्या कपड्यात घालून विकणाऱ्याला ‘नजर तुमची’ म्हणून हात झटकता येत नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने २००७च्या अहवालात मुलींच्या लैंगिकीकरणाची व्याख्या करताना ‘लादली गेलेली लैंगिकता’ हे एक लक्षण सांगितले आहे. लादणारा कोण, हा प्रश्न त्या शब्दातच आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. आज मुलीचा क्रॉप टॉप, उद्या तरुणीची जीन्स, परवा बाईची बिनबाह्यांची पोलकी. ही संस्कृतिरक्षणाची जुनीच वाट आहे, असे म्हणणाऱ्यांची भीती मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच सुरुवातीला टेप बदलण्याचा आग्रह धरला. प्रौढ स्त्रीने काय घालावे हा तिचा अधिकार आहे. ती अर्थ जाणून निवडते, आवडेनासे झाले तर टाकून देते. सात वर्षांच्या मुलीला तो अर्थच माहीत नसतो. आणि हाच युक्तिवाद तोकड्या कपड्यांइतकाच झाकण्याच्या आग्रहालाही लागू होतो. आठ वर्षांच्या मुलीला ‘नीट बस, ओढणी घे, लोक बघतात’ असे सांगणारे घर आणि तिच्या चोळीत कप शिवणारा कारखाना एकमेकांचे शत्रू वाटतात. पण तिला दोघेही एकच धडा देतात, की तुझे शरीर हे आधी पाहिले जाण्याची वस्तू आहे. एक म्हणतो दाखव, दुसरा म्हणतो लपव. धावण्याच्या, चढण्याच्या, मातीत लोळण्याच्या वयात तिला बाहेरून स्वतःकडे पाहायला दोघेही लावतात. मला दोन्ही नको आहेत. हीच फूटपट्टी मुलग्यांनाही लावायला हवी. पाच वर्षांच्या मुलाच्या टी-शर्टवर ‘पोरींचा लाडका’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेले असते तेव्हा आपण हसतो. तिथेही मोठ्यांच्या जगातला अर्थ न कळत्या अंगावर चिकटवलेला असतो, आणि मुलीच्या बाबतीत जो चुकीचा तो मुलाच्या बाबतीत गंमत होत नाही.

‘आपल्या परंपरेत हे नव्हते’ असे म्हणून सुटका करून घेणाऱ्यांनाही थांबवायला हवे. झबले-टोपडे, मग परकर-पोलके, मग लुगडे अशा पायऱ्या आपल्याकडे होत्या हे खरे. पण लुगड्याची पायरी अनेकदा कोवळ्या वयात येई, कारण लग्नच त्या वयात येई. लहान मुलींच्या आखूड लुगड्याला ‘चिरडी’ असा स्वतंत्र शब्द होता. मोठ्या बाईच्या वस्त्राची छोटी आवृत्ती ही मॉलची देणगी नव्हे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला नकार दिला आणि १८८४ मध्ये त्यांच्यावर मुंबईत खटला भरला गेला. संमतिवय दहावरून बारा करणारा १८९१चा कायदा होऊ नये म्हणून याच महाराष्ट्रात केवढे रण माजले! मुलींच्या लग्नाचे वय चौदा करणारा सारडा कायदा यायला १९२९ उजाडले. मुलीला मुलगी राहू देण्याची काही वर्षे परंपरेने आयती दिलेली नाहीत, ती भांडून, कायदे करून मिळवलेली आहेत. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ असा निबंध लिहिणाऱ्या आगरकरांनी पोशाख हा रूढीइतकाच विचाराचाही विषय आहे, हे मराठी वाचकाला तेव्हाच दाखवले होते. मग पाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी नेसून, नथ घालून मिरवणाऱ्या चिमुरड्यांचे काय? ते सोंग आहे, आणि मुलांना सोंगाची गरज असते. आईची ओढणी साडी म्हणून गुंडाळणारी मुलगी पायात अडखळते, पदर सावरते, हसते. ओढणीचा मोठेपणाच सांगतो की हा खेळ आहे, आणि खेळ संपला की ती ओढणी फेकून पळते. मापात बसवलेला, रोज घालायचा, प्रौढ कटाचा कपडा ही मधली मोकळी जागाच बुजवतो. त्यात सोंग उरत नाही. नऊवारीसुद्धा रोजची झाली, तिच्यासोबत ओठ रंगवून लावणीतले हावभाव शिकवले गेले, की तीही त्याच बाजूला जाते. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचनापत्र काढले ते याचसाठी : नृत्यस्पर्धांत लहान मुलांना मोठ्यांच्या चित्रपटगीतांवरच्या, वयाला न शोभणाऱ्या अदा करायला लावू नका.

‘पण मुलींनाच तसे हवे असते’ हा तिसरा आक्षेप दुकानदारही करतात आणि थकलेले पालकही. हवे असते, खरे आहे. चॉकलेटही हवे असते. जाहिरात आपल्याला काहीतरी विकण्यासाठी केलेली असते हे साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना नीट उमगत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्याच दुसऱ्या कृतिगटाने २००४ मध्ये काढला. जे मन वळवले जात आहे हेच ओळखू शकत नाही त्याच्या आवडीला स्वतंत्र निवड म्हणणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही. आपल्या कायद्यानेही हे अंशतः मानले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी वाईट भावना निर्माण करता कामा नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाईची तरतूद आहे. मात्र कपड्यांची जाहिरात बहुधा आईच्या मोबाइलवर, आईच्या नावाने येते, आणि ती पाहणारी नजर आईच्या मांडीवरची असते. कायद्याची जाळी तिथे विरळ पडते. म्हणून बेतण्याच्या आणि विकण्याच्या टप्प्यावरच काही ठरवावे लागेल.

आणि ते ठरवता येते. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनमध्ये प्रायमार्क या साखळीने सात वर्षांच्या मुलींसाठीची पॅड लावलेली बिकिनी विकायला ठेवली. पालक संतापले, वृत्तपत्रांनी विषय उचलला, कंपनीने माफी मागून तो माल काढून घेतला. प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. सरकारने नेमलेल्या रेग बेली यांनी जून २०११ मध्ये ‘मुलांना मूल राहू द्या’ अशा आशयाचा अहवाल दिला आणि त्याच सुमारास ब्रिटिश रिटेल कन्सॉर्शियमने बारा वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. कापड, कट, गळा, छापलेली वाक्ये, पोहण्याचे व आतले कपडे अशा बाबींवर तीत तारतम्य सांगितले आहे. मुलीची पहिली ब्रा आराम आणि आधार यांसाठी बेतावी, उभार दाखवण्यासाठी नव्हे, इतके स्पष्ट. ती कायद्याची सक्ती नव्हती, व्यापाऱ्यांनी स्वतःवर घातलेले बंधन होते. आपल्या उद्योगाला असे काही झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी त्या चोळीच्या डोरीकडे पुन्हा पाहायला सांगेन. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला मानेशी डोरी किंवा नाडी चालत नाही, कारण ती घसरगुंडीत किंवा दारात अडकून गळफास बसल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. युरोपला मुलांचे कपडे पाठवणारे भारतीय कारखाने हे मानक पाळतात, नाहीतर माल परत येतो. म्हणजे हात तेच, यंत्रे तीच, ज्ञानही आहे. परदेशातल्या मुलीच्या मानेला जे चालत नाही ते बेलापूरच्या मुलीच्या मानेला चालते, एवढाच काय तो फरक. खेळण्यांच्या बाबतीत आपण हा फरक मिटवला. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणे विकता येत नाही. मुलाच्या हातातल्या बाहुलीची जी काळजी आपण घेतली ती त्याच्या अंगावरच्या कपड्याची घेणे अवघड नाही.

तोवर पालकाच्या हातात काहीच नाही, असे मात्र नाही. २०२२च्या वजनमापविषयक नियमबदलानंतर सुटे टांगून विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावर निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव, तक्रारीसाठी ईमेल व फोन, किंमत आणि माप सेंटिमीटरमध्ये, या गोष्टी असायलाच हव्यात. सेंटिमीटर असले की ‘६-७ वर्षे’ या छापील अंदाजावर विसंबावे लागत नाही. ईमेल असला की ‘सहा वर्षांच्या मापाच्या चोळीत कप कशासाठी?’ एवढे एक वाक्य कंपनीला लिहिता येते. टॅगवर मापच नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येते. ब्रिटनमधला बदल अशाच वाक्यांच्या ढिगातून झाला. तक्रार लिहिताना अश्लील, संस्कृती, लाज हे शब्द टाळावेत असे मी सुचवेन, कारण त्यांवर वाद घालता येतो. कटोरी, कप, डोरी, हुक या शब्दांवर वाद घालता येत नाही. तिथे उत्तरच द्यावे लागते.

दुकानात करायची परीक्षाही याच भाषेतली आहे. कपडा आधी उलटा करा. शिवणीत माया आहे का, दुमडीत बोटभर तरी कापड आहे का, अस्तर घाम टिपेल असे आहे का, पुढच्या भागात जे नाही त्याच्यासाठी जागा काढलेली आहे का, हे दोन मिनिटांत दिसते. मग मुलीला तो घालू द्या, शक्यतो तिचा तिला. हात वर करायला सांगा, उकिडवे बसायला सांगा, दुकानातल्या दुकानात चार पावले पळू द्या. ज्या नवी मुंबईचा आराखडाच सेक्टरनिहाय शाळा आणि मैदाने धरून काढला गेला, जिथे नेरुळच्या वंडर्स पार्कपासून खारघरच्या सेंट्रल पार्कपर्यंत मुलांना बागडायला जागा राखलेली आहे, तिथल्या मुलांचा कपडा झोपाळ्यावर बसता येईल असा असावा, ही अपेक्षा फार नाही. कपडा मध्येच ओढावा, सावरावा लागला तर तो परत टांगा, मग तो तोकडा असो की पायघोळ. नाही लागला, तर घ्या. आरशात ती कशी दिसते, हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.